मोंटिसेलो : राष्ट्राध्यक्षांचे घर कोणत्या बाजूने पाहायचे?

अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर एका बाजूला घुमट असलेले एक घर आहे. १९३८ साली ते नाण्यावर आले. हे घर अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे. नाव मोंटिसेलो, म्हणजे इटालियन भाषेत छोटा डोंगर. व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल शहराजवळच्या टेकडीवर ते उभे आहे. १९८७ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची जी घरे संग्रहालय म्हणून जपली आहेत त्यांत सर्वांत जास्त चर्चा याच घराची होते.

शिष्यवृत्तीवर शिकायला गेलेला आमच्या वस्तीतला एक मुलगा गेल्या वर्षी तिथे जाऊन आला. त्याने घड्याळाचे फोटो पाठवले, पुस्तकांच्या कपाटांचे पाठवले, बागेचे पाठवले. फोनवर म्हणाला, "ताई, काय हुशार माणूस होता!" मी विचारले, या घरात राबणारी माणसे कुठे राहायची ते पाहिलेस का? म्हणाला, "ती फेरी वेगळी होती. बस निघायची वेळ झाली होती."

हा लेख त्या संभाषणातून लिहिला आहे. मी स्वतः मोंटिसेलोला अजून गेलेली नाही. पण तिथल्या संस्थेने बरेच साहित्य इंटरनेटवर खुले ठेवले आहे आणि समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून या घराबद्दल मी बरीच वर्षे वाचते आहे. आपली मुले-मुली आता मोठ्या संख्येने अमेरिकेत शिकायला जातात आणि सुट्टीत अशी ठिकाणे पाहतात. जाण्यापूर्वी थोडी माहिती हाताशी असावी एवढाच उद्देश.

आपला या घराशी संबंध काय?

पहिला धागा महात्मा जोतीराव फुले यांचा. १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली तेव्हा जोतीरावांनी ती अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. ही गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असते. त्याच वर्षी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका छोट्या वृत्तपत्रात मॅडिसन हेमिंग्ज नावाच्या कृष्णवर्णीय सुताराचे आत्मकथन छापून आले, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते. त्याने सांगितले होते की माझे वडील थॉमस जेफरसन, आणि माझी आई त्यांची गुलाम होती. त्याच्याकडे पुढे येऊच.

दुसरा धागा थेट बाबासाहेबांचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी जेफरसन यांचा नाव घेऊन आधार घेतला आहे. प्रत्येक पिढी हे जणू वेगळे राष्ट्र आहे, तिला स्वतःपुरते नियम करता येतात, पण पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा अधिकार तिला नाही, हा जेफरसन यांचा विचार त्यांनी सभेपुढे ठेवला आणि तो पूर्णपणे खरा असल्याचे सांगितले. संविधानात दुरुस्तीची वाट का ठेवली, याचे उत्तर ते देत होते. याच भाषणात पुढे तो प्रसिद्ध इशारा येतो : २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता.

ही दोन्ही विधाने एकाच भाषणात आहेत हे लक्षात ठेवून मोंटिसेलोकडे पाहिले की ते घर वेगळे दिसू लागते. कारण १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान जन्मली असे लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे स्वतःच्या मालकीची म्हणून बाळगली. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते त्या काळात (१९१३-१६) हे घर खासगी मालकीचे होते. ते संग्रहालयासाठी विकत घेतले गेले १९२३ मध्ये. त्याची मालकी आजही थॉमस जेफरसन फाउंडेशन या खासगी ना-नफा संस्थेकडे आहे, सरकारकडे नाही.

घराच्या आत

जेफरसन यांचा जन्म १७४३ चा. वडिलांकडून सुमारे पाच हजार एकर जमीन आणि गुलाम वारशाने मिळाले. १७६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टेकडी सपाट करून बांधकाम सुरू केले. पॅरिसमध्ये राजदूत म्हणून राहून आल्यावर आधीचे घर बरेचसे मोडून, १७९६ पासून नव्याने वाढवले. राष्ट्राध्यक्षपदाची मुदत (१८०१-०९) संपेपर्यंत काम चालूच होते. आराखडा त्यांचा स्वतःचा. विटा भाजणारे, लाकूड कापणारे, दारे-खिडक्या बसवणारे बहुतेक हात गुलाम केलेल्या माणसांचे, सोबत काही मजुरीवर आणलेले गोरे कारागीर.

आत शिरताच मोठे घड्याळ दिसते. तोफगोळ्यांसारखी वजने दोराने खाली उतरतात आणि भिंतीवरच्या खुणांवरून आठवड्याचा वार कळतो. खोली कमी उंचीची पडली म्हणून जमिनीला भोक पाडले आहे, त्यामुळे शनिवार तळघरात येतो. पर्यटकांना हे फार आवडते. याच घड्याळाची दुसरी तबकडी बाहेरच्या ओसरीवर आहे. आतल्या तबकडीला तास, मिनिट, सेकंद सगळे दाखवायची सोय आहे, बाहेरच्या तबकडीला फक्त तासाचा काटा. बाहेर राबणाऱ्यांना तेवढे पुरेसे होते, असे त्याचे कारण सहसा सांगितले जाते.

जेवणाच्या खोलीत दोन गोष्टी नीट पाहाव्यात. शेकोटीच्या बाजूच्या लाकडी चौकटीत एक छोटी लिफ्ट लपवलेली आहे. खालच्या तळघरातून दारूच्या बाटल्या तिच्यातून वर यायच्या. बाजूलाच एक फिरते दार आहे, ज्याच्या एका अंगाला फळ्या आहेत. बाहेरून कुणीतरी त्या फळ्यांवर गरम जेवण मांडायचे, दार फिरवायचे, आणि जेवण आत यायचे. ताट आणणारा माणूस पाहुण्यांना दिसायचा नाही. स्वयंपाकघर, धुराड्याची खोली, कोठारे, नोकरांच्या खोल्या हे सगळे गच्चीखालच्या उतारात दडवलेले, आणि त्यांना जोडणारी वाट घराखालून काढलेली. समोरून पाहिले तर डोंगरावर एकटे, शांत, पांढऱ्या खांबांचे घर.

हे सारे जेफरसन यांच्या कल्पकतेचे नमुने म्हणून कित्येक वर्षे दाखवले गेले. कल्पकता आहेच. पण श्रम हवेत आणि श्रम करणारा दिसायला नको, ही मागणी त्या दाराने पुरी केली. आपल्याकडच्या उंच इमारतींमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट असते, तिच्यातून ज्यांच्या आया रोज वर गेल्या आहेत त्यांना हे दार समजावून सांगावे लागणार नाही.

जेफरसन यांचे पुस्तकप्रेमही खरे आहे. १८१५ मध्ये त्यांनी आपल्याकडची ६,४८७ पुस्तके अमेरिकी काँग्रेसला विकली आणि त्यातून आजच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नवा पाया घातला गेला. अभ्यासिकेत पत्राची नक्कल आपोआप उतरवणारे दोन लेखण्यांचे यंत्र आहे. त्या लेखणीने त्यांनी हजारो पत्रे लिहिली, आणि त्यांतली काही फार अस्वस्थ करणारी आहेत. १८२० च्या एका पत्रात त्यांनी लिहिले आहे की दर दोन वर्षांनी मूल जन्माला घालणारी स्त्री शेतावरच्या उत्तमातल्या उत्तम पुरुषापेक्षा जास्त फायद्याची असते. जन्मलेले मूल मालकाची मालमत्ता होत असे, हा त्यातला हिशेब.

मलबेरी रो : इथे जास्त वेळ द्या

घराच्या दक्षिणेला, थोडे खाली, तुतीच्या झाडांची एक गल्ली आहे. तिचे नाव मलबेरी रो. इथे वेगवेगळ्या काळात वीसहून अधिक खोपटी, कामाच्या शाळा, कोठारे आणि तबेले होते. लोहारशाळा, सुतारशाळा, खिळ्यांचा कारखाना, कापड विणायची खोली. बहुतेक इमारती नष्ट झाल्या होत्या. उत्खनन आणि जुन्या नकाशांच्या आधारे आता काही पुन्हा उभ्या केल्या आहेत, त्यांत हेमिंग्ज कुटुंबाच्या खोपटाची एक प्रतिकृती आहे. एक खोली, मातीची जमीन, एक चूल.

१७९४ मध्ये इथे खिळ्यांचा कारखाना सुरू झाला. मुलांचे वय कसे वापरायचे हे जेफरसन यांनी आपल्या शेतीच्या वहीत नोंदवून ठेवले आहे : दहा वर्षांपर्यंत लहान भावंडे सांभाळायची, दहा ते सोळा मुलग्यांनी खिळे करायचे आणि मुलींनी सूत काढायचे, सोळाव्या वर्षी शेतात जायचे किंवा एखादा धंदा शिकायचा. कोणत्या मुलाने किती लोखंड घेतले, त्यातून किती खिळे केले, किती लोखंड वाया घालवले याचा हिशेबही ते ठेवत. या मुलांपैकी जेम हबर्ड मोठेपणी पळून गेला. पकडून आणल्यावर जुन्या सोबत्यांदेखत त्याला फटके मारवले. हेही जेफरसन यांच्याच पत्रातून कळते.

अशा नोंदी वाचताना एक गोष्ट जाणवते. या माणसांबद्दल आज आपल्याला जे कळते त्याचा मोठा भाग मालकाच्या वहीतून येतो. नाव, जन्मसाल, किती वार कापड दिले, किती घोंगड्या दिल्या. घोंगडी घेणाऱ्याला काय वाटत होते ते त्या वहीत नाही. गावकीच्या दप्तरात महारांच्या नोंदी वाचल्या आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

शब्दांबद्दलही थोडे. मोंटिसेलोत आता 'गुलाम' ऐवजी 'गुलाम केलेली माणसे' असा शब्दप्रयोग करतात. सुरुवातीला मला हा नुसता शिष्टाचार वाटला होता. पण 'अस्पृश्य' आणि 'अस्पृश्य मानले गेलेले' यांत आपण जो फरक करतो तोच हा. कुणीतरी ते केले आहे, हे दुसऱ्या शब्दात दडत नाही. याआधी कित्येक वर्षे तिथले मार्गदर्शक फक्त 'नोकर' म्हणायचे.

सॅली हेमिंग्ज

आता मॅडिसन हेमिंग्जच्या आईकडे येऊ. सॅली हेमिंग्ज यांचा जन्म १७७३ चा. त्यांची आई एलिझाबेथ हेमिंग्ज गुलाम होती, वडील जॉन वेल्स हे मळेवाले आणि जेफरसन यांचे सासरे. म्हणजे सॅली या जेफरसन यांच्या पत्नीच्या सावत्र बहीण. सासरे वारल्यावर जेफरसन यांच्या वाट्याला १३५ गुलाम आले, त्यांत हे कुटुंबही आले. १७८२ मध्ये जेफरसन यांच्या पत्नीचे निधन झाले.

१७८७ मध्ये जेफरसन यांच्या धाकट्या मुलीसोबत चौदा वर्षांच्या सॅलीला पॅरिसला पाठवण्यात आले. सॅलीचा भाऊ जेम्स तिथे आधीच फ्रेंच स्वयंपाक शिकत होता. फ्रान्सच्या भूमीवर गुलामाला स्वातंत्र्याचा दावा करता येत होता. मॅडिसनने सांगितल्याप्रमाणे, परत यायला सॅली तयार नव्हती. होणारी मुले एकवीस वर्षांची झाली की मुक्त केली जातील असे वचन घेऊन ती १७८९ मध्ये परतली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. जेफरसन तिच्याहून तीस वर्षांनी मोठे.

कायद्याने जिला नकार देण्याचा अधिकारच नाही त्या मुलीने असे वचन मिळवले. याला प्रेमकथा म्हणून सांगणारे चित्रपट आणि कादंबऱ्या निघाल्या आहेत. मला ते पटत नाही. पण तिला फक्त बळी म्हणून दाखवणेही पुरेसे नाही, कारण आपल्या मुलांचे भविष्य तिने त्या चिंचोळ्या जागेतून खरोखरच बाहेर काढले. तिला किमान सहा मुले झाली, चार जगली : बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन आणि एस्टन. पहिली दोघे १८२२ मध्ये निघून गेली, त्यांचा पाठलाग झाला नाही. धाकटे दोघे जेफरसन यांच्या मृत्युपत्राने मुक्त झाले. जेफरसन यांनी हयातीत दोघांना आणि मृत्युपत्रातून पाच जणांना कायद्याने मुक्त केले. हे सगळे हेमिंग्ज कुटुंबातले होते. बाकी कुणाच्या वाट्याला ते आले नाही.

१८०२ मध्ये, जेफरसन राष्ट्राध्यक्ष असतानाच, या संबंधाची बातमी वृत्तपत्रात आली होती. पुढे १८७३ मध्ये मॅडिसनने सगळे सांगितले. तरी शंभर-सव्वाशे वर्षे बहुतेक इतिहासकारांनी ते नाकारले. जेफरसन घराण्यातल्या गोऱ्या वंशजांचे म्हणणे पुरावा ठरले आणि मॅडिसनचे म्हणणे अफवा. १९९७ मध्ये कायद्याच्या अभ्यासक ॲनेट गॉर्डन-रीड यांनी एक पुस्तक लिहून दाखवले की दोन्ही बाजूंच्या साक्षी इतिहासकारांनी एकाच तराजूत तोललेल्या नाहीत. पुढच्याच वर्षी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत डीएनए चाचणीचा निष्कर्ष आला : एस्टन हेमिंग्ज यांचा पुरुष वंशज आणि जेफरसन घराण्यातला पुरुष वंश यांची जुळणी होते. २००० मध्ये फाउंडेशनने स्वतःच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध करून जेफरसन हेच या मुलांचे वडील असण्याची दाट शक्यता मान्य केली. २०१८ पासून संस्था ही बाब निकालात निघालेली मानते. काही अभ्यासक अजूनही असहमत आहेत.

यातला एक तपशील विसरता येत नाही. एस्टनने विस्कॉन्सिनला जाऊन जेफरसन हे आडनाव लावले आणि तो गोऱ्यांत मिसळून गेला. मॅडिसन ओहायोत कृष्णवर्णीयांमध्येच राहिला. आईची हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले ते मॅडिसनचे वंशज, आणि विज्ञानाला लागणारा नमुना मिळाला एस्टनच्या गोऱ्या झालेल्या वंशजाकडून. शहरात खोली भाड्याने मिळावी म्हणून आडनाव बदललेली माणसे आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. दोघा भावांपैकी कुणाला दोष द्यायचा हा प्रश्न मला तरी सोपा वाटत नाही.

घराच्या दक्षिण बाजूच्या पंखात, सॅली हेमिंग्ज जिथे राहिल्या असाव्यात अशी खोली २०१८ पासून पाहायला खुली आहे. १९४१ मध्ये त्या जागेत पर्यटकांसाठी स्वच्छतागृह बांधले होते. ते काढून खोली पुन्हा उभी केली. सॅलीचे एकही चित्र उपलब्ध नाही, म्हणून तिथे खोटा चेहरा उभा केलेला नाही. भिंतीवर पडणारी आकृती आणि मुलाने सांगितलेले शब्द, इतकेच.

लिलाव

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारले, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी. एक लाख डॉलरहून जास्त कर्ज मागे होते. जानेवारी १८२७ मध्ये घराच्या आवारातच लिलाव झाला. जाहिरातीत फर्निचर, गुरे, धान्य आणि १३० माणसे होती.

लोहार जोसेफ फॉसेट याला मृत्युपत्राने स्वातंत्र्य मिळाले होते. त्याची पत्नी एडिथ राष्ट्राध्यक्षांच्या वॉशिंग्टनमधल्या निवासस्थानी फ्रेंच स्वयंपाक शिकलेली, नंतर मोंटिसेलोची मुख्य स्वयंपाकीण. तिला आणि मुलांना स्वातंत्र्य नव्हते. ती वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेली. जोसेफने पुढची वर्षे लोहारकाम करून, जमेल तसे घरच्यांना सोडवून घेण्यात घालवली. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो गुपचूप लिहा-वाचायला शिकला, इतरांना शिकवले, बऱ्याच वर्षांनी मुक्त झाला आणि सिनसिनाटी शहरात चर्चचा धर्मोपदेशक बनला. म्हातारपणी, १९०० मध्ये, तो मोंटिसेलोला परत आला. ज्या घराच्या आवारात त्याला विकले होते तिथे या वेळी तो पाहुणा म्हणून गेला.

माझ्या मते मोंटिसेलोत ऐकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. घड्याळाच्या गोष्टीइतका वेळ हिला मिळतो का, हे तिथे जाणाऱ्याने आवर्जून पाहावे.

हे बदलले कसे?

जेनिफर आइकस्टेड आणि स्टीफन स्मॉल या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शंभराहून अधिक मळा-संग्रहालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. गुलामगिरीबद्दल संग्रहालये काय करतात याचे त्यांनी प्रकार पाडले. काही ठिकाणी उल्लेखच नाही. काही ठिकाणी उल्लेख आहे, पण 'मालक दयाळू होता, नोकर निष्ठावान होते' असा. काही ठिकाणी माहिती आहे, पण वेगळ्या फेरीत, ज्याला हवी त्याने जावे. आणि थोड्या ठिकाणी ती मुख्य कथेतच गुंफलेली. कुठलेही राजवाडे, वाडे, नेत्यांची स्मारके पाहताना ही कसोटी खिशात ठेवण्यासारखी आहे. आमचा मुलगा बस गाठण्यासाठी जी फेरी सोडून आला, ती तिसऱ्या प्रकारातली. मोंटिसेलोत आता घराच्या मुख्य फेरीतही हा विषय बोलला जातो, पण गुलामगिरीवरची सविस्तर फेरी अजूनही वेगळी आहे.

बदल वरून आला असे कुणी समजू नये. १९९३ मध्ये मोंटिसेलोच्या इतिहासकार लुशिया स्टँटन आणि डायॅन स्वॉन-राइट यांनी 'गेटिंग वर्ड' हा मौखिक इतिहासाचा प्रकल्प सुरू केला. गुलाम केलेल्या कुटुंबांचे वंशज शोधत त्या गावोगाव फिरल्या, घरी बसून बोलल्या, जुने फोटो, बायबलच्या पानांवर लिहिलेल्या जन्मतारखा पाहिल्या. शंभराहून जास्त मुलाखती झाल्या. मालकाच्या वहीत नसलेली बाजू तिथून आली. आपल्याकडे याच्या चार वर्षे आधी, १९८९ मध्ये, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' आले होते, तेही असेच आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत, दारोदार जाऊन. आपल्या वस्तीतल्या नव्वदीच्या आजीला १९५६ ची नागपूरची दीक्षा आठवते. तिचे बोलणे फोनवर रेकॉर्ड करायला अर्धा तास लागतो. आमच्या मंडळाने हे काम ठरवले आणि सुरुवात करेपर्यंत तिघी गेल्या.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. जेफरसन यांची कौटुंबिक दफनभूमी फाउंडेशनच्या नव्हे, तर गोऱ्या वंशजांच्या संघटनेच्या ताब्यात आहे. २००२ मध्ये त्या संघटनेने हेमिंग्ज वंशजांना सदस्यत्व आणि त्यासोबत तिथे दफनाचा हक्क द्यायला मोठ्या बहुमताने नकार दिला. स्मशानाचा वाद काय असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिथला स्तंभ मात्र वाचण्यासारखा आहे. जेफरसन यांनी स्वतः ठरवलेल्या मजकुरात तीनच गोष्टी आहेत : स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची स्थापना. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेख नाही.

जायचे कसे, आणि आजूबाजूला काय

वॉशिंग्टन डीसीहून शार्लट्सव्हिलला ॲमट्रॅकची रेल्वे जाते, साधारण अडीच-तीन तास. शहरातून टेकडीपर्यंत टॅक्सी करावी लागते. तिकीट आधी ऑनलाइन काढलेले बरे, कारण घरातली फेरी ठरलेल्या वेळेला, मार्गदर्शकासोबतच होते. पायथ्याच्या पर्यटक केंद्रापासून वर बस जाते, पायवाटही आहे. गुलामगिरीवरची फेरी मलबेरी रोवर, उघड्यावर होते. तिची वेळ सकाळीच विचारून घ्या आणि घराची फेरी तिच्यानंतरची निवडा. आधी गल्ली, मग घर. उलट क्रमाने पाहिले की घड्याळ डोक्यात बसते आणि गल्ली उरकली जाते. मलबेरी रोवरच गुलाम केलेल्या ६०७ माणसांची नावे नोंदवलेली, शांत बसता येईल अशी जागा २०२३ मध्ये झाली आहे.

शार्लट्सव्हिलमध्येच व्हर्जिनिया विद्यापीठ आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी मशाली घेऊन मोर्चा काढला तो याच आवारात, जेफरसन यांच्या पुतळ्याभोवती. दुसऱ्या दिवशी शहरात निदर्शकांवर गाडी घालण्यात आली आणि हेदर हेयर ही तरुणी मारली गेली. २०२० मध्ये इथे विद्यापीठ बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या गुलाम मजुरांचे गोलाकार दगडी स्मारक पूर्ण झाले. अंदाजे चार हजार माणसे. ज्यांची नावे सापडली नाहीत त्यांच्यासाठी दगडात नुसत्या खाचा आहेत.

गाडीची सोय असेल तर तासाभराच्या आत माँटपेलियर गाठता येते. हे चौथे राष्ट्राध्यक्ष आणि अमेरिकी राज्यघटनेचे जनक मानले जाणारे जेम्स मॅडिसन यांचे घर. तिथला प्रश्न आणखी पुढचा आहे. २०२१ मध्ये संचालक मंडळाने गुलाम केलेल्यांच्या वंशजांच्या समितीला कारभारात बरोबरीचा वाटा देण्याचे मान्य केले, पुढच्या वर्षी हात आखडता घेतला, वंशजांच्या बाजूने बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. देशभर टीका झाली आणि मे २०२२ मध्ये समितीने सुचवलेले सदस्य मंडळात घ्यावे लागले. गोष्ट सांगण्याची परवानगी मिळणे आणि गोष्ट कोणती सांगायची हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बसणे, यांत किती अंतर आहे ते या प्रकरणातून कळते. बोधगयेच्या महाविहार व्यवस्थापनाबद्दल आंदोलन करणाऱ्या तरुणांनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी मोंटिसेलोच्या संकेतस्थळावर घराची आभासी फेरी, 'गेटिंग वर्ड'च्या मुलाखती आणि मॅडिसन हेमिंग्जचे आत्मकथन विनामूल्य आहे. आत्मकथन चार-पाच पानांचेच आहे. इंग्रजी सोपे आहे, अभ्यासवर्गात एका बैठकीत वाचून होईल.

जाणाऱ्यांना एक सूचना राहिली. गुलाम केलेल्यांची दफनभूमी वर टेकडीवर नाही. ती खाली, पर्यटक केंद्राच्या वाहनतळाला लागून, झाडांमध्ये आहे. चाळीसहून अधिक कबरी, बहुतेकांवर नाव नाही. बसच्या रांगेत उभे राहण्याआधी तिकडे जाऊन या, परतताना सगळ्यांना घाई असते.